नोंद, प्रयोग आणि रचना : ‘डूम’ आणि साधनसाहाय्यित द्रुतखेळीचा उगम

१

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर ह्या संस्थेने ‘डूम’ हा संगणक-खेळ प्रसृत केला. त्याचा पहिला, नऊ पातळ्यांचा खंड विनामूल्य होता आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावरून तो प्रथम लोकांपर्यंत पोचला. खेळाचे कथासूत्र तुटपुंजे आहे : मंगळाच्या उपग्रहांवरील तळांवर नरकातून राक्षस अवतरले आहेत आणि मागे उरलेल्या एकट्या सैनिकाने बंदुकीच्या बळावर बाहेरची वाट शोधायची आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबावे असे ह्या कथेत फारसे काही नाही.

मात्र ह्याच खेळाच्या आश्रयाने १९९० नंतरच्या दशकात एक अशी निर्मिती आकाराला आली, की जिच्या संदर्भात ‘संहिता’, ‘प्रयोग’ आणि ‘कर्ता’ ह्या परिचित संज्ञांचे अर्थ पुन्हा तपासून घेणे भाग पडते. ‘टूल-असिस्टेड स्पीडरन’ ह्या नावाने ती ओळखली जाते. स्पीडरन म्हणजे द्रुतखेळी : खेळ शक्य तितक्या कमी वेळात पुरा करणे. साधनसाहाय्यित द्रुतखेळीत खेळाडू खेळाचा वेग मंद करतो, चुकल्यास मागे जातो, एकेका क्षणाची आज्ञा स्वतंत्रपणे लिहितो आणि अशा शेकडो तुकड्यांतून एक सलग खेळी सिद्ध करतो. ती पाहताना एखादा अलौकिक कौशल्याचा खेळाडू खेळत असल्याचा भास होतो. वस्तुतः ती कोणीही, कधीही, त्या वेगाने खेळलेली नसते.

तेव्हा ही फसवणूक आहे की एक स्वतंत्र रचनाप्रकार आहे, हा प्रश्न उपस्थित होतो. तो क्रीडानीतीपुरता मर्यादित नाही. एखाद्या कृतीचे मूल्य तिच्या सिद्ध रूपात असते की तिच्या घडण्याच्या इतिहासात, हा समीक्षेतील जुना वाद येथे अत्यंत निखळ रूपात समोर येतो. कारण ‘डूम’च्या बाबतीत खेळलेली खेळी आणि रचलेली खेळी ह्या दोहोंची संहिता अक्षरशः एकाच लिपीत लिहिलेली असते.

२

ही लिपी कोणती, हे प्रथम पाहिले पाहिजे. ‘डूम’ सुरू करून कळफलकाला हात न लावता बसले, तर थोड्या वेळाने पडद्यावर आपोआप खेळ सुरू होतो. ही चित्रफीत नसते. कोणीतरी पूर्वी खेळताना दिलेल्या आज्ञांची ती नोंद असते आणि संगणक त्या आज्ञा क्रमाने घेऊन खेळ नव्याने खेळत असतो. अशी नोंद करण्याची सोय सामान्य खेळाडूलाही उपलब्ध होती. खेळ सुरू करताना नोंदीची आज्ञा दिली, की ‘एलएमपी’ ह्या शेपटाची एक फाइल तयार होई. खेळाडू तिला ‘डेमो’ म्हणू लागले.

डेमोची रचना विलक्षण काटकसरीची आहे. ‘डूम’मध्ये एका सेकंदाचे ३५ समान भाग मानलेले आहेत, अशा प्रत्येक भागास ‘टिक’ म्हणतात. प्रत्येक टिकसाठी फाइलमध्ये केवळ चार बाइट लिहिले जातात : पुढे-मागे किती सरकायचे, डाव्या-उजव्या बाजूस किती सरकायचे, किती वळायचे, आणि गोळी झाडणे वा दार उघडणे ह्यांसारखी कोणती कळ दाबलेली आहे. आरंभी १३ बाइटांचे एक शीर्षक असते. त्यात खेळाची आवृत्ती, काठिण्य, खंड, पातळी इत्यादी तपशील येतात. शेवटी समाप्तीची खूण म्हणून एक बाइट येतो. म्हणजे दहा सेकंदांची खेळी १४१४ बाइटांत मावते. पळणे, नेम धरणे, राक्षसांना हुलकावणी देणे हे सर्व छापील पानाच्या एका अंशाएवढ्या मजकुरात सामावलेले असते.

राक्षस कोठे उभे होते, कोणती गोळी कोणाला लागली, ह्याचा मात्र ह्या फाइलमध्ये एका अक्षरानेही उल्लेख नसतो. तो असण्याचे कारणही नाही. आरंभीची स्थिती आणि खेळाडूच्या आज्ञा तंतोतंत त्याच असतील, तर खेळाचे इंजिन दर वेळी तंतोतंत तेच जग निर्माण करते. ज्याला खेळाडू दैव म्हणेल, तेही ह्या नियमातून सुटलेले नाही. गोळीचा आघात किती व्हावा वा राक्षसाने कोणत्या दिशेला वळावे, हे ठरविण्यासाठी आज्ञावलीत २५६ अंकांचे एक तयार कोष्टक आहे. ते ०, ८, १०९, २२० असे सुरू होते. प्रत्येक ‘यादृच्छिक’ निर्णयासाठी त्यातील पुढचा अंक उचलला जातो आणि कोष्टक संपले की पुन्हा आरंभापासून वाचले जाते. पिस्तुलाच्या गोळीचा आघात ५, १० किंवा १५ असा तीन प्रकारचा असू शकतो. कोष्टकातील त्या क्षणीच्या अंकाला तीनने भागून जी बाकी उरते, ती त्यांपैकी एकाची निवड करते. दैवाची वही आधीच लिहून झालेली असते, फक्त ती कोणत्या पानावर उघडली जाईल हे खेळाडूच्या कृतीवर अवलंबून असते.

ह्या व्यवस्थेतील एक तपशील सैद्धान्तिक दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. नोंद चालू असताना ‘डूम’ खेळाडूची आज्ञा प्रथम फाइलमध्ये लिहिते. मग लगेच ती लिहिलेली आज्ञा परत वाचते आणि वाचलेल्या आज्ञेप्रमाणे खेळ पुढे नेते. हे करण्यामागचा हेतू व्यावहारिक होता. वळण्याचे माप खेळात अधिक सूक्ष्म असते. नोंदीत ते एका बाइटात बसवावे लागत असल्याने एका पूर्ण फेरीचे केवळ २५६ भाग उरतात. प्रत्यक्ष खेळ सूक्ष्म मापाने आणि नोंद स्थूल मापाने झाली असती, तर दोहोंत तफावत पडली असती. तेव्हा आज्ञावलीकारांनी खेळालाच नोंदीच्या मापात बसविले. परिणाम असा, की डेमो नोंदविणारा खेळाडू ज्या क्षणी खेळतो, त्या क्षणीच तो लिहीत असतो, आणि जे लिहिले गेले तेवढेच घडते. आधी उक्ती, मग तिचे लेखन, हा सर्वमान्य क्रम येथे उलटा झालेला आहे. साधनसाहाय्यित खेळीची शक्यता १९९३ सालीच ह्या उलट क्रमात दडलेली होती, असे म्हणता येईल.

संहितेच्या अंगाने पाहता आणखी एक गोष्ट लक्षात येते. डेमो विशिष्ट आवृत्तीशी बांधलेला असतो. इंजिनाच्या वर्तनात किंचित फरक पडला, तरी कोष्टकातील एखादा अंक वेगळ्या ठिकाणी खर्च होतो आणि तेथून पुढे सर्व जग वेगळे होत जाते. आज्ञा मात्र त्याच राहतात. मग सैनिक भिंतीवर आदळत राहतो, रिकाम्या जागी गोळ्या झाडतो, नसलेले दार उघडू पाहतो. पाठभेदाचा असा दृश्य परिणाम हस्तलिखितांच्या अभ्यासकाला क्वचितच पाहायला मिळतो. म्हणूनच १९९५ मधील १.९ ही आवृत्ती डेमोंसाठी प्रमाण मानली गेली आणि पुढच्या काळातील आज्ञावलीकारांनी जुन्या इंजिनांचे दोषही जसेच्या तसे जतन करण्यासाठी मोठे कष्ट घेतले. हे काम पाठचिकित्सेच्या जवळचे आहे. दोष सुधारणे येथे संहितेचा भंग करण्यासारखे ठरते.

३

डेमो आरंभी पुरावा म्हणून वापरात आला. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे खेळ प्रसृत झाल्यानंतर महिनाभरातच, वॉटर्लू विद्यापीठातील क्रिस्टिना नॉर्मन ह्या विद्यार्थिनीने ‘एलएमपी हॉल ऑफ फेम’ सुरू केला. मे १९९४ मध्ये केंब्रिजमधील फ्रँक स्टाजानो ह्यांनी ‘डूम ऑनरिफिक टायटल्स’ ही पदव्यांची योजना काढली. ठरावीक कामगिरी करून तिचा डेमो सादर करणाऱ्यास पदवी मिळे. नोव्हेंबर १९९४ मध्ये सायमन विडलेक ह्यांनी ‘काँपेट-एन’ हा विक्रमांचा संग्रह उभारला. पुढे तोच सर्वांत अधिकारी मानला गेला.

ह्या तिन्ही उपक्रमांच्या मुळाशी एक गृहीत होते : डेमो म्हणजे खेळाडूच्या देहाची साक्ष. अमुक व्यक्तीच्या हातांनी, अमुक क्षणी, ही कृती केली, एवढे तो सिद्ध करतो. खेळ स्वतःच प्रत्येक पातळीच्या अखेरीस लागलेला वेळ आणि निर्मात्यांनी ठरविलेला अपेक्षित वेळ दाखवीत असल्याने स्पर्धेला माप आयतेच मिळाले होते. पहिल्या खंडाच्या पहिल्या पातळीसाठी अपेक्षित वेळ ३० सेकंदांचा होता. १९९८ पर्यंत खेळाडूंनी तो ९ सेकंदांवर आणला. ही उतरण दुहेरी कारणांनी झाली. एक तर सराव. दुसरे म्हणजे इंजिनाच्या अशा गुणधर्मांचा शोध, की जे निर्मात्यांनी हेतुपुरस्सर ठेवलेले नव्हते.

त्यांतील सर्वांत साधा गुणधर्म तिरप्या धावण्याचा आहे. पळताना पुढे जाण्याचे माप ५० आणि बाजूला सरकण्याचे ४० असते. दोन्ही कळा एकदम दाबल्या तर इंजिन दोहोंची बेरीज करते आणि कर्णाच्या दिशेने वेग सुमारे ६४ होतो. म्हणजे सरळ धावण्यापेक्षा २८ टक्के अधिक. कळांच्या एका विशिष्ट संयोगाने बाजूचे मापही ५० पर्यंत नेता येते. मग वाढ ४१ टक्क्यांची होते, पण त्या वेळी वळण्याच्या कळेचे काम सरकण्याकडे गेलेले असल्याने खेळाडूला वळता येत नाही. ठरावीक दिशेच्या भिंतींना घासत धावल्यास टक्करीच्या गणितातील एका त्रुटीमुळे वेग आणखी वाढतो. विम्सॅट आणि बिअर्ड्सली ह्यांनी १९४६ मध्ये कर्त्याच्या हेतूला अर्थनिर्णयातून बाजूला सारले, तेव्हा त्यांच्यासमोर कविता होती. येथे मात्र निर्मात्याचा हेतू आणि संहितेची क्षमता ह्यांतील अंतर सेकंदांत मोजता येते.

‘काँपेट-एन’मधील स्पर्धाप्रकारही पाहण्यासारखे आहेत. एकात प्रत्येक राक्षस मारून प्रत्येक गुप्त जागा शोधायची असते. दुसऱ्यात कोणत्याही राक्षसाला इजा न करता बाहेर पडायचे असते. तिसऱ्यात मुठी, करवत आणि पिस्तूल एवढ्यांवरच भागवायचे असते. स्वतःहून स्वीकारलेल्या बंधनातून रचना घडविण्याची ही वृत्ती १९६० मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या ऊलिपो ह्या लेखकगटाच्या वृत्तीशी नाते सांगते. शूटर खेळात अहिंसेचा प्रकार निर्माण व्हावा, ह्यात विनोद आहे. पण त्याहून अधिक, एका प्रकाराच्या नियमांतून त्याच्याच विरोधी प्रकार काढण्याची साहित्यव्यवहारातील ओळखीची प्रक्रियाही आहे.

४

२३ डिसेंबर १९९७ रोजी इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ची मूळ आज्ञावली प्रसिद्ध केली. आतापर्यंत इंजिन ही खेळाडूच्या दृष्टीने निसर्गासारखी बाह्य वस्तू होती. आता ते वाचता आणि बदलता येऊ लागले. १९९९ च्या आरंभी अँडी केंप्लिंग ह्यांनी त्या आज्ञावलीत फेरफार करून मंद गतीने, तसेच अनेक बैठकांत मिळून एक डेमो नोंदविण्याची सोय केली. जून १९९९ मध्ये एस्को कोस्किमा, पेओ सिकस्ट्रोम आणि योनातन डोनर ह्यांनी अशा डेमोंसाठी स्वतंत्र संग्रह सुरू केला आणि त्याचे नाव ‘टूल्स-असिस्टेड स्पीडरन्स’ असे ठेवले. आज सर्व खेळांच्या बाबतीत रूढ असलेली संज्ञा ह्या नावातून आली.

हे नामकरण ह्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणून पाहिले पाहिजे. तंत्र आधीपासून शक्य होते. गुप्तपणे ते वापरणाऱ्याला कोणी अडविलेले नव्हते. परंतु जोवर त्याला नाव नव्हते, तोवर अशी प्रत्येक खेळी संभाव्य लबाडी होती. नावाने तिला साक्षीच्या क्षेत्रातून बाहेर काढले आणि रचनेच्या क्षेत्रात जागा दिली.

ह्या रचनेस नवागताने आरंभ कसा करावा, हे पाहिले म्हणजे तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. अलीकडच्या काळात ‘डीएसडीए-डूम’सारख्या आज्ञावल्यांत त्यासाठीची साधने अंगभूत आहेत. पहिली पायरी पाठनिश्चितीची : कोणत्या आवृत्तीच्या इंजिनाचे अनुकरण करायचे हे आधी ठरवावे लागते, कारण ते मागाहून बदलले तर केलेले सर्व काम वाया जाते. दुसरी पायरी मार्ग आखण्याची. त्यासाठी साधनांची गरज नसते. छोटी पातळी घेऊन ती साध्या रीतीने वारंवार खेळणे आणि चांगल्या खेळाडूंचे डेमो पाहणे हाच उपाय असतो. ज्याला पातळी पाठ नाही, त्याला काय सुधारायचे हेच कळत नाही. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष रचना सुरू होते. खेळ एका टिकवर थांबवायचा, पुढे, बाजूला, वळण आणि कळ ह्यांची चार मूल्ये ठरवायची, एक टिक पुढे जायचे, परिणाम पाहायचा, तो मनासारखा नसेल तर मागे येऊन मूल्य बदलायचे. एका सेकंदासाठी असे ३५ निर्णय घ्यावे लागतात. नवख्या रचनाकाराची नेहमीची चूक म्हणजे पहिल्या टिकपासून परिपूर्णतेचा ध्यास घेणे. दोन खोल्यांनंतर मार्गच बदलावा लागला, की आधीचे कोरीवकाम पुसले जाते. म्हणून आधी कच्चा, सलग खर्डा आणि मग त्यावर संस्करण, हा क्रम हिताचा. लेखनाचा अनुभव असलेल्या कोणालाही ह्या क्रमाची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

ह्या पातळीवर देहाच्या मर्यादा गळून पडतात. बाजूचे माप ५० असताना वळता येत नाही, ही अडचण कळफलकाची होती. चार बाइटांच्या नोंदीत तसा कोणताही निर्बंध नाही. पुढे ५०, बाजूला ५० आणि हवे ते वळण एकाच टिकमध्ये लिहिता येते. मात्र एका बाइटात ५० हून मोठी संख्याही मावते. पुढे १२७ असे लिहिले तर इंजिन निमूटपणे सैनिकाला त्या वेगाने पळविते. डेमो वाचताना ते मूल्य तपासून पाहत नाही. तरीही असे लिहिणे ह्या प्रकाराच्या संकेतात बसत नाही. हाताची मर्यादा ओलांडायची, पण खेळाच्या व्याकरणाची मर्यादा ओलांडायची नाही, असा हा दंडक आहे. शुद्ध तर्काने पाहिले तर ही रेषा पुरती समर्थनीय नाही, कारण वळत असतानाचे दुहेरी ५० हेही कळफलकावरून आलेले नसते. ती संकेताने ठरलेली आहे. पण वाङ्मयप्रकारांच्या सीमाही संकेतानेच ठरतात आणि संकेत आहे म्हणूनच त्याच्या आतील कौशल्य ओळखता येते. ५० ची मर्यादा उठविली, तर स्पर्धा मार्गाची आणि रचनेची न राहता केवळ मोठ्या संख्येची होईल.

५

साधनांच्या साहाय्याने केलेल्या रचनेत कर्त्याला काही काम उरत नाही, यंत्रच सर्व करते, असा आक्षेप घेतला जातो. तो गणिताच्या आधारे तपासता येतो. पुढे-मागे सरकण्याची १०१ मूल्ये, बाजूची १०१ आणि वळण्याची २५६ मूल्ये विचारात घेतली, तर कळा सोडूनही एका टिकसाठी २६ लाखांहून अधिक पर्याय होतात. दोन टिकसाठी ही संख्या सुमारे ६ लाख ८२ हजार कोटींवर जाते. एका सेकंदाचा विचारही कोणत्याच यंत्राच्या आवाक्यातील नाही. यंत्राला सर्व शक्यता धुंडाळण्याचे काम देता येते ते फक्त अतिशय अरुंद प्रदेशात : अमुक चार टिक, वळण ह्या दोन मूल्यांच्या दरम्यान, आणि उद्दिष्ट हे की सैनिकाची रुंदी आणि फटीची रुंदी समान असताना त्याने त्या फटीतून सरकावे. तो प्रदेश कोणता आणि तेथे शोधण्याजोगे काही आहे, हे जाणणे कर्त्याचेच काम असते.

दैवाच्या बाबतीत कर्त्याची भूमिका अधिक सूक्ष्म होते. आघाताचा अंक कोष्टकातून येतो आणि कोष्टक कोठवर वाचले गेले हे मागील घटनांवर अवलंबून असते. तेव्हा वाटेतल्या राक्षसाने डावीकडे सरकावे असे वाटत असेल, तर रचनाकार कित्येक टिक आधी एक निरर्थक भासणारी गोळी झाडतो; तिच्यामुळे काही अंक खर्च होतात आणि पुढील निर्णय बदलतो. पाहणाऱ्याला तो राक्षस योगायोगाने दूर झालेला दिसतो. कथनात पुढच्या घटनेची बीजे आधी पेरून ठेवण्याची जी युक्ती लेखक वापरतो, तिचेच हे यांत्रिक पण नेमके रूप आहे. साध्या खेळीत योगायोगाला सामोरे जावे लागते. रचलेल्या खेळीत योगायोग घडवून आणावा लागतो.

उलट बाजूने पाहिले तर ‘नैसर्गिक’ खेळीही समजली जाते तितकी अकृत्रिम नसते. विक्रमी डेमोमागे हजारो फसलेले प्रयत्न असतात. ते पुसले जातात आणि एकच जतन होतो. म्हणजे निवड तेथेही आहेच. फरक निवडीच्या एककाचा आहे. स्पर्धक संपूर्ण खेळीची निवड करतो. जून १९९७ मधील ‘क्वेक डन क्विक’ ह्या प्रसिद्ध प्रकल्पात ‘क्वेक’ हा खेळ सर्वांत कठीण काठिण्यावर १९ मिनिटे ४९ सेकंदांत पुरा झाला, तेव्हा वेगवेगळ्या पातळ्या वेगवेगळ्या खेळाडूंनी खेळून जोडलेल्या होत्या. तेथे एकक पातळीचे होते. साधनसाहाय्यित खेळीत ते टिकपर्यंत खाली येते. मौखिक परंपरेतील गायक चुकलेला चरण परत घेऊ शकत नाही. तो पुढच्या सादरीकरणात दुरुस्त करतो. लेखक शब्द खोडतो. आल्बर्ट लॉर्ड ह्यांनी १९६० मध्ये आणि वॉल्टर ऑंग ह्यांनी १९८२ मध्ये मौखिक आणि लिखित रचनेतील जो भेद मांडला, तो ‘डूम’च्या इतिहासात १९९४ ते १९९९ ह्या पाच-सहा वर्षांत आटोपशीरपणे पुन्हा घडलेला दिसतो.

६

तरीही फसवणुकीचा प्रश्न शिल्लक राहतोच. नेल्सन गुडमन ह्यांनी ‘लँग्वेजिस ऑफ आर्ट’ ह्या १९६८ मधील ग्रंथात कलांचे दोन वर्ग केले. चित्रासारख्या कलेत निर्मितीचा इतिहास हा कृतीचाच भाग असतो. म्हणून चित्राची हुबेहूब नक्कल ही बनावट ठरते. लिपिबद्ध संगीत किंवा साहित्य ह्यांच्या बाबतीत तसे होत नाही. संहिता अक्षरशः तीच असेल तर प्रत्येक प्रत ही तीच कृती असते आणि तिची बनावट प्रत संभवत नाही. डेमो ह्या वर्गीकरणाला पेचात टाकतो. लिपी म्हणून तो दुसऱ्या वर्गात मोडतो : त्याची कोणतीही प्रत कोणत्याही संगणकावर तीच खेळी उभी करते. साक्ष म्हणून मात्र तो पहिल्या वर्गात मोडतो : तो कोणाच्या हातून, कसा घडला, ह्यावरच त्याचे मूल्य ठरते. तीच १४१४ बाइटांची फाइल खेळून झालेली असेल तर विक्रम, रचून झालेली आणि तसे सांगितले असेल तर रचना, आणि रचून खेळल्याचे सांगितले असेल तर लबाडी. फाइलमधला एकही बाइट ह्या तिन्ही प्रसंगी बदललेला नसतो. सरावलेल्या परीक्षकाला हालचालींच्या अमानवी नेमकेपणावरून संशय येऊ शकतो; परंतु पुरेशा संयमाने रचलेली खेळी हा संशयही टाळू शकते.

अशा स्थितीत निर्णय संहितेच्या बाहेर शोधावा लागतो. डेमोबरोबर एक छोटी मजकुराची फाइल जोडण्याची प्रथा फार आधीपासून आहे. तीत खेळाडूचे नाव, वेळ, प्रकार आणि दोन-चार शब्दांचे निवेदन असते. साधने वापरली असल्यास ते येथे सांगायचे असते. फिलिप लजन ह्यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राविषयी मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. प्रथमपुरुषी कादंबरी आणि आत्मचरित्र ह्यांतील वाक्ये पाहून त्यांचा भेद सांगता येत नाही. मुखपृष्ठावरील नावाच्या आधारे लेखक वाचकाशी जो करार करतो, तो भेद निर्माण करतो. डेमोसोबतची ती फाइल हाच करार आहे. तिच्यातील एक शब्द पुढील सर्व बाइटांचे वाचन ठरवितो.

करार तुटला की काय होते, ह्याचे उदाहरण ‘डूम’च्या बाहेर, पण ह्याच परंपरेत सापडते. २००३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ह्या खेळाची मोरिमोतो ह्या टोपणनावाच्या जपानी खेळाडूने केलेली, सुमारे ११ मिनिटांची खेळी चित्रफितीच्या रूपात जगभर पसरली. ती कशी सिद्ध झाली हे सांगणारा मजकूर चित्रफितीसोबत नव्हता. असंख्य प्रेक्षकांनी ती एका माणसाची सलग खेळी मानली, तिच्यावर थक्क झाले आणि वस्तुस्थिती कळल्यावर संतापले. पडद्यावरचे दृश्य आधी आणि नंतर तेच होते. ज्याला आपण विक्रम म्हणून दाद दिली ती रचना निघाली, ह्याचा तो संताप होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिनलंडमधील जोएल युलिलुओमा ह्यांनी अशा खेळींसाठी जो संग्रह सुरू केला आणि जो पुढे ‘टीएएसव्हिडिओज’ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने कृतीची निर्मितीपद्धती स्पष्ट करण्यावर भर दिला, तो ह्या अनुभवानंतर समजण्याजोगा आहे. ‘डूम’च्या मंडळींनी चार वर्षे आधी शीर्षकातच सांगून टाकलेली गोष्ट इतरांना वादातून शिकावी लागली.

७

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष दोन्ही टोकांच्या समीक्षेला थोडा अडचणीचा आहे. संहिता स्वयंपूर्ण असते असे मानणाऱ्याला हे मान्य करावे लागते, की एकाच संहितेच्या दोन मूल्यमापनांतील भेद संहितेबाहेरील एका शब्दाने होतो. उलट, कृतीचे मूल्य कर्त्याच्या देहाशी आणि अनुभवाशी बांधणाऱ्याला हे मान्य करावे लागते, की देहाने कधीही न केलेल्या कृतीतही कर्तृत्व असते. ते निवडीत, बंधनाच्या स्वीकारात आणि मागे जाऊन दुरुस्त करण्याच्या तयारीत असते. आज यंत्राच्या साहाय्याने लिहिलेल्या मजकुराविषयी जे प्रश्न विद्यापीठांतून आणि संपादकांच्या मेजावरून विचारले जात आहेत, ते ह्याच स्वरूपाचे आहेत. साधन वापरले की नाही, एवढ्यावरच ते अडून राहतात. ‘डूम’च्या खेळाडूंनी मात्र साधनाला बंदी केली नाही आणि साक्षीचे मूल्यही कमी केले नाही. त्यांनी दोन संग्रह केले आणि दोहोंच्या दारावर नाव लिहिले.

हे दोन संग्रह एकमेकांचे शत्रू राहिले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. रचलेल्या खेळीने एखाद्या पातळीत काय शक्य आहे हे दाखवावे आणि मग हातांनी तेथवर पोचण्याचा प्रयत्न व्हावा, असे वारंवार घडले. १९९८ मध्ये ९ सेकंदांवर थांबलेला पहिल्या पातळीचा मानवी विक्रम २०१९ मध्ये ८ सेकंदांवर आला. मधली वीस वर्षे एका सेकंदासाठी खर्ची पडली. तो डेमो मोलाचा ठरतो, कारण तो साधनांशिवाय झाला असे त्याच्या कर्त्याने सांगितले आहे आणि इतरांनी त्यावर विश्वास ठेवला आहे. रचलेल्या खेळीच्या फाइलप्रमाणेच त्या फाइलचाही शेवट समाप्तीच्या त्याच एका बाइटाने होतो.